कोकणातल्या सरकारी दवाखान्यांच्या व्यवस्थापनावर संशोधन करायचंय? प्रश्न ठरवण्यापासून अहवाल देण्यापर्यंत

हॉस्पिटल मॅनेजमेंटचं एमबीए, सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी किंवा व्यवस्थापन शाखेतली पीएचडी करताना कोकणातला जिल्हा निवडलेल्यांसाठी हा लेख आहे. संशोधन पद्धतीची पुस्तकं ग्रंथालयात आहेतच. रत्नागिरीत किंवा ओरोसला (सिंधुदुर्ग जिल्ह्याचं मुख्यालय) कागद घेऊन उभं राहिल्यावर जे अडतं, ते त्यांत नसतं. इथे भर त्यावर आहे.

१. विषय नको, प्रश्न हवा

‘ग्रामीण आरोग्य सेवांच्या व्यवस्थापनाचा चिकित्सक अभ्यास, विशेष संदर्भ रत्नागिरी जिल्हा’ हे शीर्षक विद्यापीठात सहज मंजूर होतं आणि तिथेच घोटाळा सुरू होतो. यात काय मोजायचं ते कुठेच नाही. मग दोनशे जणांकडून ‘सेवेबद्दल समाधानी आहात का?’ या प्रश्नाला पाचपैकी गुण घेतले जातात. सिस्टर समोर बसलेल्या असताना कोण ‘नाही’ म्हणणार? सगळीकडे चार गुण पडतात, आणि त्या चारांवर ऐंशी पानं लिहावी लागतात.

प्रश्न पक्का करण्याआधी तीन गोष्टी तपासा. उत्तर मिळालं तर ते कोणाच्या हातात द्यायचं, त्या अधिकाऱ्याचं पद नावानिशी सांगता येतं का? मोजमाप रजिस्टरमधून किंवा घड्याळ लावून करता येतं का? आणि एका हंगामात संपतं का? उदाहरणादाखल काही प्रश्न:

- ग्रामीण रुग्णालयात केसपेपर काढल्यापासून औषध हातात पडेपर्यंत रुग्णाचा वेळ कुठे जातो?
- रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तिमाहीतले किती दिवस शिल्लक नसतात, आणि त्या दिवशी रुग्ण काय करतो?
- पुढे पाठवलेला रुग्ण खरोखर पोचतो का, आणि किती वेळात?

छोट्या जागेतून मोठं काम होत नाही, असं वाटत असेल तर महाडकडे बघा. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरण्याचं डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं काम याच पट्ट्यातलं. प्रश्न एकच होता, रुग्ण समोर होते आणि नोंदी काटेकोर होत्या. प्राझोसिन एकटं द्यावं की प्रतिविषाबरोबर, याची महाडमध्ये झालेली चाचणी २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली.

२. दवाखाना कोणाचा, हे आधी शोधा

सर्वांत जास्त महिने इथे वाया जातात. बाहेरून सगळे ‘सरकारी दवाखाने’ सारखेच दिसतात, मालक मात्र वेगवेगळे.

उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे. परवानगी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची, प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना.

ग्रामीण रुग्णालय (साधारण ३० खाटा) आणि उपजिल्हा रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. इथे परवानगी जिल्हा शल्यचिकित्सकांची.

वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, म्हणजे अधिष्ठात्यांकडे. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही ठिकाणी आता शासकीय महाविद्यालयं आहेत. त्यामुळे जुन्या प्रबंधातला ‘जिल्हा रुग्णालय’ हा मायना उचलून अर्ज केलात तर तो चुकीच्या टेबलावर जाईल.

आणखी एक गाठ. महसुली हिशेबात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग कोकण विभागात येतात, पण आरोग्य खात्याच्या उपसंचालकांचं त्यांचं मंडळ कोल्हापूर. ठाणे, पालघर आणि रायगड ठाण्याच्या मंडळात. एकापेक्षा जास्त जिल्हे घेणार असाल आणि कागद वर पाठवायचा असेल, तर एकच अर्ज सगळीकडे चालणार नाही.

आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी (एमओ) तोंडी ‘या, काही हरकत नाही’ म्हटलं, तर त्याला परवानगी समजू नका. त्यांची बदली झाली की नवे एमओ पहिला प्रश्न पत्राचाच विचारतात.

३. सोबत न्यायची कागदपत्रं

- महाविद्यालयाचं बोनाफाईड आणि मार्गदर्शकांच्या सहीचं पत्र, विषय मराठीत
- दीड-दोन पानांचा आराखडा: काय मोजणार, किती दिवस, किती केंद्रं, कर्मचाऱ्यांचा किती वेळ लागेल
- प्रश्नावली आणि संमतीपत्र, दोन्ही मराठीत
- नैतिक समितीची मंजुरी (ती आली नसेल तर अर्जाची पोच)
- रुग्णाचं नाव-पत्ता नोंदवणार नाही आणि अहवालाची प्रत देईन, असं स्वतःच्या सहीचं हमीपत्र
- ओळखपत्राची झेरॉक्स

प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती काढा. एक आवक-जावक टेबलावर द्या, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. तो क्रमांक नसेल तर पुढच्या वेळी ‘नस्ती सापडत नाही’ हे उत्तर ठरलेलं. आराखड्यात कर्मचाऱ्यांच्या वेळेचा उल्लेख आवर्जून करा. अधिकाऱ्यांना खरी काळजी त्याचीच असते: एएनएम (गावपातळीवरच्या परिचारिका) लसीकरण सोडून तुमचे फॉर्म भरत बसणार का? ‘सर्व नोंदी मी स्वतः उतरवून घेईन’ या एका वाक्यानं बरंच काम सोपं होतं.

४. नैतिक समिती

औषध देत नाही, सुई टोचत नाही, मग नैतिक समिती कशाला, असं व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना हमखास वाटतं. रुग्णाची मुलाखत किंवा रुग्णाच्या नोंदी आल्या की समितीकडे जावंच लागतं. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं जैववैद्यकीय आणि आरोग्य, दोन्ही प्रकारच्या संशोधनाला लागू आहेत. धोका अगदी कमी असेल तर समिती पुनरावलोकनातून सूट देऊ शकते किंवा जलद पुनरावलोकन करते, पण सूट आहे की नाही हे समितीनंच ठरवायचं, तुम्ही नव्हे.

तुमच्या कॉलेजात समिती नसेल (वाणिज्य-व्यवस्थापनाच्या कॉलेजांत बहुधा नसतेच), तर दुसऱ्या संस्थेच्या समितीशी सामंजस्य करार करून तिच्याकडून मंजुरी घेता येते. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. बैठका रोज होत नाहीत, तेव्हा पुढची तारीख आधीच विचारून घ्या.

गुप्ततेबाबत कोकणातली एक अडचण वेगळी. वाड्या छोट्या. पस्तीस घरांच्या वाडीचं नाव लिहून ‘बाई, ४२ वर्षं, क्षयरोग’ एवढीच नोंद ठेवलीत, तरी गावात सगळ्यांना कळतं कोण ते. अहवालात वाडीचं नाव नको, केंद्राला सांकेतिक क्रमांक द्या आणि वय गटात लिहा.

५. आधीची आकडेवारी, आणि छेदाचा प्रश्न

एचएमआयएस या सरकारी आरोग्य माहिती पोर्टलवर आरोग्य संस्थांचे मासिक आकडे एप्रिल ते मार्च अशा वर्षानं मिळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्हा पत्रकं मोफत आहेत. पाचव्या फेरीचं महाराष्ट्रातलं काम २०१९ मध्ये, म्हणजे कोविडच्या आधी झालं, हे लिहायला विसरू नका. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची आरोग्यावरची ७५ वी फेरी (जुलै २०१७ ते जून २०१८) खिशातून होणाऱ्या खर्चासाठी उत्तम, पण ती राज्य पातळीवर वापरा. एका जिल्ह्यातली घरं त्यात इतकी थोडी असतात की ‘सिंधुदुर्गातला सरासरी खर्च’ काढणं म्हणजे अंदाजपंचे.

एकाच संस्थेची नावंही बदलत आली आहेत. आरोग्यवर्धिनी केंद्र २०२३ नंतर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ झालं. दोन वर्षांच्या याद्या जोडताना नावावरून जोडल्या तर केंद्रं दुप्पट होतात. संस्थेच्या सांकेतिक क्रमांकावरूनच जोडा.

आता खरी मेख. २००१ ते २०११ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली, तर रत्नागिरीची १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर घसरली. २०११ ला रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. माणसं मुंबईला आहेत, हे त्याचं कारण. राज्याचा वाढीचा दर लावून तालुक्याची आजची लोकसंख्या काढलीत तर छेद (ज्या लोकसंख्येनं भागायचं तो आकडा) फुगतो आणि ‘दर हजारी ओपीडी’ विनाकारण कमी दिसते. उलट गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात चाकरमानी आले की त्याच केंद्रावर यादीत नसलेली माणसं उभी राहतात. बाळंतपणाचंही तसंच. मुंबईत नाव नोंदवलेली मुलगी माहेरी येते, प्रसूती इथे होते आणि गर्भवती नोंदणीचा आकडा मात्र तिकडचा. त्यामुळे ‘नोंदणीच्या तुलनेत प्रसूती’ १०० टक्क्यांच्या वर गेलेली दिसली तर केंद्रानं खोटे आकडे भरले असं लगेच लिहू नका.

उपाय एकच: आशाताईंच्या घरोघरच्या सर्वेक्षणाची वहीतली लोकसंख्या घ्या, तिची तारीख लिहा, आणि ‘वर्षातून सहा महिन्यांपेक्षा जास्त इथे राहणारे’ वेगळे मोजा. डोंगराळ भागासाठी उपकेंद्राला ३,००० आणि प्राथमिक केंद्राला २०,००० लोकसंख्या हा निकष आहे, सपाटीवर ५,००० आणि ३०,०००. तुमच्या तालुक्याला कोणता लावलाय ते विचारून मगच ‘केंद्रं कमी’ किंवा ‘पुरेशी’ म्हणा.

माहिती मागून मिळत नसेल तर माहिती अधिकार आहे: शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत हवा. पण ज्या कार्यालयाची परवानगी हवी आहे, तिथेच पहिल्या दिवशी हा अर्ज टाकू नका. आधी साधं पत्र द्या.

६. नमुना किती

सगळे ३८४ किंवा ३८५ लिहितात. तो आकडा येतो कुठून? प्रमाण ५० टक्के धरलं, ९५ टक्के खात्री आणि ५ टक्के चूक चालवून घेतली, की. तुमची एकूण यादीच ६०० जणांची असेल तर सुधारणा करून २३५ पुरतात. उलट नमुना केंद्रांनुसार गटांनी घेणार असाल, तर एका केंद्रावरचे रुग्ण एकमेकांसारखे असतात म्हणून आकडा वाढवावा लागतो. दुपटीनं वाढवला तर ७७०. शिवाय नकार देणारे दहा टक्के धरा.

वेळ मर्यादित असेल तर दोन केंद्रांवर पन्नास-पन्नास रुग्ण घेण्यापेक्षा दहा केंद्रांवर दहा-दहा घ्या. आणि केंद्रं हायवेलगतची निवडू नका. मुंबई-गोवा महामार्गावरच्या केंद्रात एसटीनं जाणं सोपं, म्हणून सगळ्यांचा अभ्यास तिथेच होतो. किनाऱ्याची, महामार्गाची आणि सह्याद्रीच्या पायथ्याची अशा तीन याद्या करून प्रत्येकीतून चिठ्ठीनं काढा.

७. प्रत्यक्ष मोजणी

रांगेचा वेळ. रुग्णाच्या केसपेपरला एक चिठ्ठी टाचा. तिच्यावर पाच टप्प्यांची वेळ लिहायची: केसपेपर काढला, डॉक्टरांकडे आत गेला, बाहेर आला, रक्त दिलं (लागू असेल तर), औषध मिळालं. घड्याळ एकच वापरा, नाहीतर दोन मोबाइलमधला फरकही प्रतीक्षेत जमा होतो. पडताळा सोपा आहे. तीन तासांत ९० रुग्ण आले, म्हणजे मिनिटाला अर्धा. आवारात कोणत्याही क्षणी सरासरी ४० जण असतील तर एकाचा सरासरी वेळ ४० भागिले ०.५, म्हणजे ८० मिनिटं. चिठ्ठ्यांची सरासरी ३५ आली तर निम्म्याहून जास्त वेळ तुमच्या नोंदीतून सुटला. सकाळी केसपेपरची खिडकी उघडण्याआधीच येऊन बसलेल्यांचा वेळ बहुधा सुटतो. पहिली एसटी ज्या वेळी पोचते, त्या वेळी ते आलेले असतात. त्यांचं घड्याळ खिडकी उघडल्यापासून नाही, आल्यापासून लावा. आठवडा बाजाराचा दिवस आणि लसीकरणाचा दिवस वेगळे काढा. त्यांची सरासरी इतर दिवसांत मिसळली तर दोन्ही बिघडतात.

औषधांचा तुटवडा. वीसेक औषधांची यादी ठरवा: अ‍ॅम्लोडिपिन, मेटफॉर्मिन, ओआरएस, लोह-फॉलिकच्या गोळ्या, सर्पदंशावरचं प्रतिविष, रेबीजची लस. कोकणात डॉक्सिसायक्लिन (लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापासाठी) आणि प्राझोसिन हवंच. वीस औषधं गुणिले तिमाहीचे ९० दिवस म्हणजे १,८०० औषध-दिवस. त्यातले १२६ दिवस साठा शून्य असेल तर तुटवडा ७ टक्के. ‘औषधं मिळत नाहीत असं ६८ टक्के म्हणाले’ यापेक्षा अधिकारी हा आकडा गंभीरपणे घेतात. सापळा असा, की ई-औषधी या साठ्याच्या संगणक प्रणालीवर साठा दिसतो आणि कपाट रिकामं असतं, किंवा उलटही. नोंद चढवायची राहिलेली असते, उधारीवर शेजारच्या केंद्रातून पेटी आलेली असते. म्हणून संगणक, स्टॉक बुक आणि कपाट, तिन्ही एकाच दिवशी पाहा. तफावत किती हाच तुमचा निष्कर्ष होऊ शकतो. औषध शून्यावर कधी आलं याच्या शेजारी इंडेंट (मागणीपत्र) कधी पाठवलं आणि माल कधी आला या तारखा लिहा. दोष मागणीत आहे की पुरवठ्यात, हे त्याशिवाय कळत नाही. राज्याची खरेदी आधी हाफकिन या सरकारी औषध कंपनीमार्फत होत असे आणि २०२३ च्या कायद्यानं स्वतंत्र प्राधिकरण आलं. जुन्या-नव्या वर्षांची तुलना करताना हे ध्यानात ठेवा.

पुढे पाठवलेले रुग्ण. केंद्राचं संदर्भ रजिस्टर फक्त ‘पाठवला’ सांगतं. पोचला का, हे दुसऱ्या टोकाला जाऊन पाहावं लागतं. दोडामार्ग-सावंतवाडीचा रुग्ण ओरोसपेक्षा गोव्यात बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजला जाणं पसंत करतो, रत्नागिरीचा कोल्हापूरला, मंडणगडचा अनेकदा थेट मुंबईला. गोव्यात दाखल झालेला माणूस महाराष्ट्राच्या एचएमआयएसमध्ये दिसणार नाही, आणि तिथल्या नोंदी हव्या तर तिथली परवानगी वेगळी. ते जमत नसेल तर निदान घरी जाऊन ‘शेवटी कुठे नेलं’ एवढं विचारा.

अंतर नकाशावर सरळ रेषेनं मोजू नका. मध्ये खाडी असते. दाभोळ ते धोपावे फेरीबोटीनं पलीकडे दिसतं तितकंच, पण बोट बंद झाली की रस्त्यानं सगळा वळसा. अंतर मिनिटांत लिहा, दिवसाचं वेगळं आणि रात्रीचं वेगळं.

नोंदीसाठी कोबो किंवा ओडीके या मोबाइलवर फॉर्म भरायच्या अ‍ॅपपैकी कोणतंही चालेल. दोन्ही रेंज नसताना चालतात, रेंजमध्ये आल्यावर फॉर्म पाठवतात. रोज संध्याकाळी पाठवा. पावसात मोबाइल बुडाला की आठवड्याचं काम जातं.

८. कधी जायचं

जून-जुलैत भातलावणी. शेतकरी कुटुंबं दुपारी भेटत नाहीत, पण लेप्टोचे रुग्ण याच काळात आणि पुढे वाढतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणून मच्छीमार वस्तीतले पुरुष घरी सापडण्याचे हे दिवस. दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात माकडतापाचा हंगाम हिवाळा संपता संपता सुरू होऊन उन्हाळ्यात चालतो. मार्च ते मे देवगड-रत्नागिरीच्या आंबा बागांत नेपाळी गडी असतात. ते रेशनकार्डाच्या कुठल्याही यादीत नाहीत, योजनांतही नाहीत, पण ओपीडीत येतात.

प्रतीक्षेचा अभ्यास फक्त गणपतीच्या आठवड्यात किंवा फक्त मे महिन्यात करू नका. किमान एक पावसाळी आणि एक कोरडा महिना घ्या.

९. धोरणाचा परिणाम मोजणार असाल

‘योजनेमुळे काय बदललं’ हा प्रश्न आकर्षक आहे आणि घसरडाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं विमा संरक्षण कुटुंबामागे दीड लाख होतं, २०२३ च्या निर्णयानं ते पाच लाखांवर गेलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. दोन बदल एकाच सुमारास. आधीचं वर्ष आणि नंतरचं वर्ष एवढंच ठेवून श्रेय एका योजनेला देता येत नाही, आणि ‘आधीचं वर्ष’ कोविडचं निघालं तर विचारूच नका.

एक वाट आहे. वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालयं मोफत उपचारांच्या त्या निर्णयात नव्हती. तेव्हा ग्रामीण रुग्णालयांतली वाढ आणि महाविद्यालयाच्या रुग्णालयातली वाढ शेजारी ठेवून दोन्हींतला फरक पाहता येतो. रुग्णसंख्या थेट ताडू नका, महाविद्यालयात जास्त गंभीर रुग्ण जातात. महिन्यागणिक कल पाहा, निदान २४ महिने आधीचे आणि १२ नंतरचे. त्या काळात तिथे नवीन डॉक्टर रुजू झाले का, सोनोग्राफी सुरू झाली का, हे रुग्णालयाच्या कार्यालयात विचारून ठेवा. एक स्त्रीरोगतज्ज्ञ आल्या तरी ग्रामीण रुग्णालयाचे आकडे पालटतात, आणि संशोधक ते योजनेच्या खात्यावर मांडतो.

खासगी बाजू हवी असेल तर नर्सिंग होम नोंदणीची यादी मागा. त्यात खाटा असलेलीच रुग्णालयं असतात. बाजारपेठेतला एकट्या डॉक्टरांचा दवाखाना त्या यादीत नाही, तो पायी फिरूनच मोजावा लागतो.

१०. अहवाल परत कसा द्यायचा

प्रबंधाची जाड प्रत देऊ नका, ती कपाटावर जाते. मराठीत दोन पानं करा: काय मोजलं, एक तक्ता, केंद्रांच्या पातळीवर विनाखर्च करता येण्यासारखं काय, आणि पैसा किंवा पद लागेल असं काय. शेवटचे दोन वेगळे ठेवा. ‘औषधाची खिडकी केसपेपरच्या बाजूला हलवा’ हे अधीक्षक करू शकतात, ‘औषधनिर्मात्याचं दुसरं पद भरा’ हे नाही. पहिला मसुदा संबंधित वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवा. त्यांच्या केंद्राचा आकडा का वाईट दिसतो याचं साधं कारण त्यांना ठाऊक असतं: फ्रीज बंद होता, सिस्टर प्रसूती रजेवर होत्या. ते कारण तळटीपेत घाला, आकडा मात्र बदलू नका.

पैसा लागणाऱ्या शिफारशी दिवाळीच्या सुमारास पोचवा. जिल्हा वार्षिक योजनेचे प्रस्ताव आर्थिक वर्ष संपायच्या बरेच आधी जातात, मार्चमध्ये दिलेला कागद पुढच्या वर्षाच्या खर्चात बसत नाही. आणि या दोन पानांच्या प्रतीवरही आवक क्रमांक घ्या.